स्लीप ॲप्निया : पहिल्या संशयापासून मास्कची सवय होईपर्यंत

घोरणारा माणूस ढाराढूर झोपला आहे, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. त्याला कुंभकर्ण म्हणून हसण्यात सारे घर सामील होते आणि तो स्वतःही हसतो, कारण रात्री आपले काय होते याची त्याला कल्पनाच नसते. स्लीप ॲप्निया असलेल्या माणसाची स्थिती मात्र याच्या अगदी उलट असते. झोपेत त्याच्या घशाचे स्नायू सैल पडतात, जिभेचे मूळ आणि टाळूचा मागचा मऊ भाग मागे सरकतो आणि श्वासाची वाट बंद होते. छाती आणि पोट श्वास ओढण्यासाठी धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, मेंदू धोका ओळखून क्षणभर जागा होतो, मोठा घुरका येऊन श्वास सुरू होतो आणि थोड्याच वेळात तेच चक्र पुन्हा फिरते. आजार तीव्र असेल तर हे तासाला तीस-चाळीस वेळा किंवा त्याहूनही अधिक घडते. सकाळी यातले काहीही आठवत नाही. उरते ते जड डोके, कोरडे तोंड आणि आठ तास झोपूनही न गेलेला शीण.

भारतातील उपलब्ध अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार सुमारे ११ टक्के प्रौढांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले आणि मृत्यूच्या कारणात ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचा उल्लेख आला, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले.

मी स्वतः सात वर्षे या आजाराचे मशीन, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारे यंत्र, लावून झोपतो. या काळात ओळखीपाळखीतले ज्यांचे उपचार फसलेले पाहिले, त्यांपैकी बहुतेकांचे निदान बरोबर होते, डॉक्टर चांगले होते आणि मशीनही चांगले होते. फक्त दुसऱ्या महिन्यात ते मशीन कपाटावर गेले. म्हणून या लेखात तपासणीची माहिती आवश्यक तेवढी दिली आहे आणि मास्क लावायला लागल्यानंतरच्या दिवसांवर अधिक जागा खर्च केली आहे.

संशय कधी घ्यावा

पहिला साक्षीदार शेजारी झोपणारी व्यक्ती असते. नुसते घोरणे आणि घोरता घोरता मध्येच शांतता पसरून मग घुसमटल्यासारखा आवाज येणे, यांत मोठा फरक आहे; ती शांतता म्हणजे थांबलेला श्वास. घरच्यांनी अशा दहा-पंधरा मिनिटांचे मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे. डॉक्टरांसमोर ‘जरा घोरतो’ असे सांगण्यापेक्षा ते कितीतरी बोलके ठरते आणि न मानणाऱ्या रुग्णाचीही त्यामुळे समजूत पटते.

भूलतज्ज्ञांनी तयार केलेली ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची चाचणी घरी करता येते. मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा किंवा झोप येणे, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिलेले असणे, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा आकडा) ३५ च्या वर असणे, वय ५० च्या वर असणे, मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त असणे आणि पुरुष असणे, असे हे आठ मुद्दे आहेत. तीन किंवा अधिक उत्तरे ‘हो’ आली तर तपासणीचा विचार करावा आणि पाच किंवा अधिक आली तर ती टाळू नये. येथे एक सावधगिरी हवी. भारतीयांमध्ये जबड्याची ठेवण आणि पोटाभोवती साठणारी चरबी यांमुळे बीएमआय ३५ च्या बराच खाली असतानाही हा आजार आढळतो, त्यामुळे ‘मी कुठे एवढा जाड आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

दिवसाची झोप मोजण्यासाठी ‘एपवर्थ’ मापन वापरतात. ते मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडले. वाचन करताना, टीव्ही पाहताना, गाडीत प्रवासी म्हणून तासभर बसल्यावर, अशा आठ प्रसंगी डोळा लागण्याची शक्यता शून्य ते तीन गुणांत सांगायची असते. एकूण २४ पैकी दहापेक्षा अधिक गुण आले तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर समजतात. आपल्याकडे दुपारच्या डुलकीला प्रतिष्ठा असल्यामुळे माणसे स्वतःला कमी गुण देतात. म्हणून हे गुण शक्यतो जोडीदाराला विचारून भरावेत.

काही खुणा सहज नजरेआड होतात. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागणे याचा दोष पुरुष प्रोस्टेटला आणि मधुमेही साखरेला देतात, पण श्वास अडल्याने हृदयावर येणाऱ्या ताणामुळेही हे होते. तीन औषधे घेऊनही न उतरणारा रक्तदाब, हृदयाची अनियमित धडधड आणि सकाळची डोकेदुखी याही अशाच खुणा आहेत. स्त्रियांमध्ये, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, आजार वाढतो; मात्र त्या घोरण्याऐवजी झोप न लागणे, उदासी आणि थकवा यांची तक्रार करतात, त्यामुळे त्यांच्या हाती झोपेच्या गोळ्या किंवा लोहाच्या गोळ्या पडतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. लहान मूल तोंड उघडे ठेवून घोरत असेल, झोपेत घामाघूम होत असेल आणि दिवसा पेंगण्याऐवजी हुडपणा किंवा चिडचिड करत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून त्याचे टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) तपासून घ्यावेत. मुलांमध्ये ते काढणे हाच बहुधा पहिला उपचार असतो.

करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या दोन वस्तूंचा येथे गैरवापर होतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जागेपणी ९८ दाखवतो म्हणून रात्रीही सारे ठीक आहे असे सिद्ध होत नाही. दुसरी वस्तू म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. रात्री ऑक्सिजन उतरतो असे कळल्यावर काही जण तो परस्पर लावून झोपतात, पण बंद घसा त्याने उघडत नाही. उलट काही रुग्णांत श्वास थांबण्याचा काळ लांबू शकतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. स्मार्टवॉचने दिलेला इशारा तपासणीला जाण्यास पुरेसा आहे, निदान म्हणून नाही.

डॉक्टर आणि स्लीप स्टडी

छातीच्या विकारांचे तज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ यांच्यापैकी झोपेच्या आजारांचे काम नियमित करणाऱ्यांकडे जावे. पहिल्या भेटीत वजन, रक्तदाब, नाक आणि घसा तपासला जावा आणि थायरॉईडच्या कमतरतेची रक्ततपासणीही करून घ्यावी, कारण ती कमतरता आजाराला हातभार लावते.

निदान स्लीप स्टडीशिवाय होत नाही. तिचे दोन प्रकार सर्वसाधारणपणे सुचवले जातात. पहिल्यात रुग्णालयात रात्रभर झोपायचे असते आणि तंत्रज्ञ मेंदूच्या लहरी, डोळ्यांची व स्नायूंची हालचाल, हृदयाचे ठोके, नाकातून वाहणारी हवा, छाती-पोटाची हालचाल, ऑक्सिजन आणि झोपण्याची कूस यांची नोंद घेतात. दुसऱ्यात लहान यंत्र घरी दिले जाते आणि ते हवा, श्वासाची धडपड, ऑक्सिजन व नाडी एवढेच टिपते. संशय बळकट असून दुसरा मोठा आजार नसेल तर घरची तपासणी पुरते, शिवाय माणूस आपल्याच अंथरुणात झोपतो. हृदय कमकुवत असणे, फुप्फुसाचा जुना आजार, पक्षाघात किंवा अफूवर्गीय वेदनाशामके चालू असणे, अशा परिस्थितीत मात्र रुग्णालयातील तपासणीच करावी. घरच्या यंत्राला माणूस प्रत्यक्ष किती झोपला हे कळत नाही. ते एकूण नोंदीच्या वेळेने भागाकार करते, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. घरची तपासणी निर्दोष आली आणि लक्षणे कायम असली तर विषय तिथेच मिटवू नये.

तपासणीच्या दिवशी केसांना तेल लावू नये, नेलपॉलिश काढून टाकावे, दुपारी झोपू नये आणि संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. नेहमीची औषधे डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज बंद करू नयेत. तारांच्या जंजाळात झोप कशी लागणार, ही धास्ती प्रत्येकाला असते; तपासणीसाठी पुरेशी झोप मात्र बहुतेकांना लागतेच.

अहवालात काय पाहावे

अहवालातील मुख्य आकडा एएचआय हा असतो. किमान दहा सेकंद हवा जवळजवळ पूर्ण थांबणे म्हणजे ॲप्निया, आणि ती बरीच कमी होऊन ऑक्सिजन घसरणे किंवा झोप मोडणे म्हणजे हायपोप्निया; या दोन्ही घटना मिळून तासाला किती वेळा घडल्या ते एएचआय सांगतो. प्रौढांमध्ये पाचपेक्षा कमी आकडा सामान्य, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर तीव्र मानला जातो. मुलांना हे निकष लागू नाहीत. त्यांच्यात तासाला एकाहून अधिक घटनाही दखल घेण्याजोगी असते.

बहुतेक जण हा एकच आकडा पाठ करतात आणि उरलेली पाने उलटून पाहत नाहीत, हे चुकीचे आहे. ऑक्सिजनची सर्वांत खालची पातळी किती होती आणि तो ९० टक्क्यांच्या खाली एकूण किती मिनिटे राहिला, हे पाहावे. उताणे झोपल्यावरचा आणि कुशीवर झोपल्यावरचा एएचआय वेगवेगळा दिलेला असतो. त्यांत मोठी तफावत असेल तर उपचाराची एक सोपी वाट हाती येते. शेवटी, घटना घशाच्या अडथळ्यामुळे घडल्या की ‘सेंट्रल’ होत्या, म्हणजे मेंदूकडूनच श्वासाचा आदेश निघाला नव्हता, हे डॉक्टरांना विचारावे. दुसऱ्या प्रकाराचा संबंध पुष्कळदा हृदयाच्या कमकुवतपणाशी किंवा अफूवर्गीय औषधांशी असतो आणि त्याचे उपचार निराळे आहेत.

उपचाराची निवड

मध्यम आणि तीव्र आजारात पहिला उपचार सीपॅपचा असतो. यात लहान यंत्र खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने नळी व मास्कमधून नाकात सोडते आणि त्या दाबाने घसा आतून उघडा राहतो. हे यंत्र ऑक्सिजन देत नाही आणि आपल्याऐवजी श्वासही घेत नाही. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये ही कल्पना रुग्णावर वापरली आणि १९८१ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यापूर्वी तीव्र रुग्णांसाठी गळ्याला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया हाच खात्रीचा उपाय होता. मास्क नकोसा वाटतो तेव्हा मी ही गोष्ट स्वतःला आठवून देतो.

सौम्य किंवा मध्यम आजारात, किंवा सीपॅप अजिबात जमत नसेल तर, दंतवैद्याकडून खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवणारे साधन बनवून घेता येते. मात्र ते दातांच्या मापाने बनवलेले असावे आणि ते लावून पुन्हा स्लीप स्टडी करावी. फक्त उताणे झोपल्यावर त्रास होत असेल तर कुशीवर झोपण्याची सवय लावावी. वामकुक्षी या शब्दाचा अर्थच डाव्या कुशीवर झोपणे असा आहे, पण आपण ती दिवाणावर उताणे पसरून घेतो. पाठीवर चेंडू शिवलेला बनियन हा जुना उपाय हास्यास्पद दिसला तरी काहींना लागू पडतो. नाकाचे हाड वाकडे असेल तर त्याच्या शस्त्रक्रियेने मास्क सोसणे सोपे होते. त्या एकट्या शस्त्रक्रियेने आजार जाईल अशी अपेक्षा सहसा धरू नये. घशाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय, भुलीखाली दुर्बिणीने घसा नेमका कुठे मिटतो हे पाहिल्यानंतरच घ्यावा.

वजनाचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील दीर्घ पाहणीत वजन १० टक्क्यांनी वाढलेल्यांमध्ये एएचआय सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेला आणि १० टक्क्यांनी घटलेल्यांमध्ये सुमारे २६ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी टिर्झेपेटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला मान्यता दिली आणि २०२५ मध्ये हे औषध भारताच्या बाजारात आले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे आहे. ‘आधी वजन उतरवतो, मग मशीनचे पाहू’ हा बेत मात्र करू नये. थकलेल्या शरीराला व्यायामाची उमेद नसते आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. मशीन आज लावावे आणि वजन त्याच्या मदतीने उतरवावे.

घरगुती उपायांबद्दल विचारणा होतेच. मद्य आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल पाडतात, त्यामुळे रात्रीचा ‘एखादा पेग’ हा या आजारात सर्वांत महाग पडणारा शौक आहे. ओठांवर चिकटपट्टी लावून झोपण्याचे प्रयोग निदान न करता मुळीच करू नयेत. शंखवादनाची थट्टा करण्याचे मात्र कारण नाही. जयपूरमध्ये ३० रुग्णांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिने नियमित शंख वाजवणाऱ्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि श्वास थांबण्याच्या घटनाही काहीशा घटल्या. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो, हे त्यामागचे कारण असावे. अभ्यास लहान आहे आणि परिणाम बेताचा आहे. जोडीला शंख वाजवावा, मास्कऐवजी नव्हे.

मशीन घेताना

साध्या सीपॅपमध्ये एकच दाब ठरवून दिलेला असतो. ऑटो सीपॅप रात्रभर गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करते. यंत्रांची मर्यादा साधारणपणे पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर दाबाएवढी असते. ऑटो यंत्र ४ ते २० वर मोकळे सोडून देण्याची विक्रेत्यांची पद्धत आहे, पण ४ वर अनेकांना गुदमरल्यासारखे होते आणि मध्यरात्री दाब अचानक चढल्यावर मास्क फडफडू लागतो. सुरुवातीच्या नोंदी पाहून डॉक्टरांकडून ही मर्यादा अरुंद करून घ्यावी. श्वास सोडताना आणि घेताना निरनिराळा दाब देणारे बायपॅप यंत्र अधिक महाग असते; ते लिहून दिले असेल तर कारण विचारावे.

यंत्राची किंमत पाच आकडी असते, त्यामुळे आधी महिनाभर भाड्याने घेऊन पाहावे. रोजचा एएचआय, मास्कच्या कडेने होणारी हवेची गळती आणि वापराचे तास यांची नोंद ठेवणारे यंत्रच घ्यावे. नोंदीशिवायचे यंत्र म्हणजे मीटर नसलेली रिक्षा. जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर त्याचे मॉडेल तपासावे, कारण जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतील फोम झिजत असल्याच्या कारणावरून आपली अनेक सीपॅप व बायपॅप यंत्रे परत मागवली होती. घरी वापरायच्या यंत्राचा खर्च अनेक आरोग्य विमा योजना देत नाहीत. सरकारी योजनांतील लाभार्थींनी खरेदीपूर्वीच मंजुरीची पद्धत विचारून घ्यावी. विम्याच्या बाबतीत उपयोगी पडणारी एक तरतूद अशी की, लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेसाठी सर्वसाधारणपणे बीएमआय ४० ची अट असली तरी तीव्र स्लीप ॲप्निया सोबत असल्यास विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित अटींत ती मर्यादा ३५ पर्यंत खाली येते.

यंत्रापेक्षा मास्कची निवड अधिक काळजीपूर्वक करावी. नाकपुड्यांत टेकणारा, फक्त नाक झाकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा, असे तीन प्रकार असतात. तोंडाने श्वास घेतो म्हणून थेट मोठा मास्क माथी मारला जातो, पण नाक चोंदलेले असल्यामुळे तोंड उघडत असेल तर आधी नाकावर उपचार करावा. नाकाचा मास्क बहुतेकांना अधिक सोसवतो. मास्क दुकानात बसून पसंत करू नये. आडवे होऊन, यंत्र चालू ठेवून आणि दोन्ही कुशींवर वळून तो किमान पंधरा मिनिटे लावून पाहावा. जाड मिशा आणि कवळी काढल्यावर आत जाणारे गाल यांमुळे गळती वाढते, म्हणून रात्री जसे झोपता तशाच अवस्थेत माप द्यावे.

पहिले तीस दिवस

पहिल्याच रात्री मास्क लावून आठ तास झोपण्याचा हट्ट धरू नये. पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी टीव्ही पाहताना नुसता मास्क, नळी न जोडता, वीस मिनिटे लावावा. नंतर नळी जोडून यंत्र चालू करावे आणि जागेपणीच श्वासाची लय बसू द्यावी. पुढे दुपारची डुलकी मास्क लावून घ्यावी आणि मगच रात्र. ज्यांना बंदिस्तपणाची भीती वाटते, त्यांनी या पायऱ्या अधिक संथपणे चढाव्यात. मास्क एका हाताने क्षणात काढता येतो याचा सराव केला की निम्मी भीती जाते. बहुतेक यंत्रांत कमी दाबापासून हळूहळू वर जाण्याची आणि श्वास सोडताना दाब उतरवण्याची सोय असते. विक्रेत्याकडून या दोन्ही चालू करून घ्याव्यात.

मध्यरात्री मास्क नकळत काढून फेकलेला आढळणे ही पहिल्या महिन्यातली नित्याची गोष्ट आहे. जाग आली की तो पुन्हा लावावा, एवढाच नियम पाळावा. मला रात्रभर मास्क ठेवायला पाच आठवडे लागले आणि पहिल्या दोन आठवड्यांत मी विक्रेत्याला तो परत घेण्याविषयी दोनदा फोन केला होता.

अडचणी ठरलेल्या आहेत आणि त्यांचे उपायही. डोळ्यांवर हवा येत असेल तर पट्टे अधिक आवळण्याचा मोह होतो, पण त्याने मास्कची चेहऱ्याला टेकणारी सिलिकॉनची गादी चेपते आणि गळती वाढते. पट्टे सैल करून, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा बसवावा आणि आडवे झाल्यावरच पट्टे जुळवावेत. झोपण्यापूर्वी चेहऱ्याला लावलेले क्रीम किंवा कपाळावर उतरलेले खोबरेल तेल सिलिकॉनची पकड घालवते आणि गादी लवकर खराब करते, म्हणून तोंड साबणाने धुऊनच झोपावे. नाक कोरडे पडत असेल तर ह्युमिडिफायरची (हवेला ओलावा देणाऱ्या, पाण्याची टाकी असलेल्या भागाची) पातळी वाढवावी आणि सलाइनचे थेंब घालावेत. चोंदत असेल तर डॉक्टरांकडून फवारा घ्यावा. पोटात हवा भरून ढेकर येत असतील तर बहुधा दाब कमी करावा लागतो किंवा तोंडाची गळती थांबवावी लागते. नाकाच्या हाडावर वळ उमटत असेल तर मास्कचे माप चुकले आहे, हे समजून बदलून घ्यावे.

आठवड्यातून एकदा यंत्रातील नोंद पाहावी. मशीन लावूनही उरलेला एएचआय पाचच्या खाली असावा. गळतीची मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते. रेसमेडच्या यंत्रांत मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालवून घेतात. वापराबाबत ७० टक्के रात्री किमान चार तास हा निकष सर्वत्र सांगितला जातो, पण तो रुग्ण यंत्र वापरतो की नाही हे ठरवण्यासाठी आहे. झोपेचे ध्येय म्हणून तो तोकडा आहे. घशावर अधिक ताण स्वप्नांच्या झोपेत येतो आणि ती झोप पहाटेच्या तासांत जास्त असते, म्हणजे दोन वाजता मास्क काढणारा माणूस सर्वांत वाईट वेळ उघड्यावर काढतो. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या सुमारे २,७०० रुग्णांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सीपॅपने पुढचे झटके कमी झाले नाहीत, असे दिसले. मात्र त्यात मास्कचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता. दिवसाची झोप आणि मनःस्थिती मात्र तेवढ्यानेही सुधारली. हृदयाच्या संरक्षणाची हमी म्हणून या यंत्राकडे पाहू नये आणि रक्तदाबाची औषधे स्वतःहून थांबवू नयेत.

काहींना तिसऱ्या दिवशीच नवे आयुष्य मिळाल्यासारखे वाटते, काहींना दोन महिने लागतात. वापर भरपूर, एएचआय उत्तम आणि तरीही दिवसा पेंग येत असेल तर झोपेचे तास, थायरॉईड, नैराश्य आणि चालू औषधे पुन्हा तपासावीत.

घर, पावसाळा आणि वीज

मास्कची गादी रोज सकाळी सौम्य साबणाने धुवावी, नळी व पाण्याची टाकी आठवड्यातून एकदा धुऊन सावलीत वाळवावी. जंतुनाशक द्रावणे आणि कडक ऊन दोन्ही टाळावीत. गाळणी दर पंधरवड्याला पाहावी, रस्त्यालगतच्या घरात ती महिन्यातच काळी पडते. टाकीत औषधाच्या दुकानातले डिस्टिल्ड वॉटर घालावे, बॅटरीसाठी विकले जाणारे नव्हे, आणि उरलेले पाणी रोज ओतून द्यावे. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की ह्युमिडिफायर बंद ठेवला तरी चालतो. एसी लावल्यावर नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येऊ लागला तर ओलाव्याची पातळी कमी करावी आणि नळी पांघरुणाखालून घ्यावी. विदर्भाच्या उन्हाळ्यात याच्या उलट गरज पडते. डासांची कॉइल किंवा उदबत्ती यंत्राजवळ लावू नये, कारण यंत्र तोच धूर ओढून नाकात सोडते.

वीज गेली तर यंत्र थांबते. मास्कमध्ये हवा बाहेर पडण्याची छिद्रे असतात आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला सुरक्षेची झडप असते, त्यामुळे माणूस सहसा जागा होऊन मास्क काढतो. लोडशेडिंगच्या गावी इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा आणि बॅटरीवर चालवताना ह्युमिडिफायर व तापणारी नळी बंद ठेवावी, कारण बहुतेक वीज तीच खातात.

प्रवासात यंत्र हातातल्या सामानात ठेवावे, टाकी रिकामी करावी आणि डॉक्टरांचे पत्र जवळ बाळगावे. विमान कंपनीला आधी कळवलेले बरे. रेल्वेच्या डब्यातील मोबाइलच्या सॉकेटवर यंत्र रात्रभर चालेल असे गृहीत धरू नये. लग्नघरी हॉलमध्ये पंचवीस गाद्या शेजारी शेजारी घातलेल्या असतात, तेथे मास्क काढून ठेवणारे पुष्कळ असतात. मी भिंतीकडची, सॉकेटजवळची गादी आधीच मागून घेतो आणि मुलांना मास्क लावून दाखवतो. पाच मिनिटांत कुतूहल संपते.

गाडी आणि रुग्णालय

दिवसा झोप अनावर होत असेल तर उपचार स्थिरावेपर्यंत वाहन चालवू नये. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सरळ आणि एकसुरी आहे, आणि अशाच रस्त्यावर ॲप्नियाचा रुग्ण उघड्या डोळ्यांनी झोपतो. खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे किंवा चहा घेणे यांनी काही मिनिटे मिळतात, त्याहून अधिक नाही. ट्रक, बस किंवा रिक्षा चालवून पोट भरणाऱ्यांना ‘गाडी चालवू नका’ एवढा सल्ला देणे क्रूर आहे. त्यांची तपासणी आणि मशीन रांगेत सर्वांत आधी लागावे, आणि डॉक्टरांकडे त्यांनी आपला व्यवसाय स्पष्ट सांगावा.

वजन दहा टक्क्यांनी बदलले, शस्त्रक्रिया झाली किंवा लक्षणे परतली तर दाब पुन्हा तपासून घ्यावा. काही बदल नसला तरी वर्षातून एकदा नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात. आणि कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, मग ती मोतीबिंदूची का असेना, भूलतज्ज्ञांना स्लीप ॲप्नियाविषयी पहिल्या भेटीतच सांगावे. भुलीची आणि वेदनाशामक औषधे घसा सैल पाडतात, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही रात्री अधिक जोखमीच्या असतात. यंत्र, मास्क आणि अडॅप्टर यांवर नाव लिहून ते सोबत न्यावेत, आणि मास्क कसा लावायचा हे रात्रपाळीच्या परिचारिकेला नातेवाइकांनी एकदा करून दाखवावे.